मधल्या सुट्टीचा प्रश्न

एकतीस मार्च. इकडच्या खोलीत चौतीस मुले आणि एक शिक्षिका. तिकडच्या खोलीत अकरा मुले आणि एक शिक्षक. मध्ये दोन समुद्र.

त्या दिवशी हे सारे जीव पडद्यावर एकमेकांना अखेरचे भेटणार होते. ती भेट कशी हुकली हे समजून घ्यायचे, तर आधी भूगोलाच्या बाईंची ओळख करून घ्यायला हवी.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बाई आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहत. ताई शाळेचे गणवेश शिवत. पुढच्या खोलीत त्यांचे शिलाईयंत्र, मागच्या खोलीत बाईंचे नकाशे. जेवायला बसताना दोघींना आपापला पसारा आवरावा लागे. बाईंच्या वर्गात एक जुना पृथ्वीचा गोल होता. वर्षानुवर्षे खडूने माखलेल्या अंगठ्याने फिरवून फिरवून त्याचे विषुववृत्त पार पुसले गेले होते. “जगाचा कमरपट्टाच झिजवलास की गं,” असे ताई म्हणत.

शिक्षकांच्या एका ऑनलाइन मेळाव्यात बाईंची तिकडच्या मास्तरांशी गाठ पडली. मास्तरांची शाळा एका खोलीची. दोघांचीही नसलेली एक तिसरी भाषा दोघांना मोडकीतोडकी येत होती, आणि तेवढे भांडवल पुरेसे ठरले. इकडच्या शाळेत मोडक्या बाकांची अडगळ होती त्या खोलीत संगणक आला. शिपाईमामांनी खिडकीला निळा पडदा लावला. कॅमेरा बरोबर उंचीवर यावा म्हणून त्याच्याखाली चार जुने नकाशासंग्रह रचले गेले. ती अडगळीची खोली आज बाईंना आठवते ती तिच्या वासासकट: खडू, जुना कागद आणि तापलेली तार.

पहिल्या भेटीत मास्तर पडद्यावर दिसताच मुले शिस्तीत उठून उभी राहिली. परिणामी तिकडे कोणाचाच चेहरा दिसेना. दिसली ती फक्त शर्टाची बटणे. इकडे हीच पद्धत असावी असे वाटून तिकडची अकराही मुले उभी राहिली. बराच वेळ दोन खंडांची पोटे एकमेकांना नमस्कार करत राहिली. मामा दारातून म्हणाले, “बाई, ओळख झाली असेल तर आता तोंडं दाखवायची का?”

त्या हशातून वर्षभराचा स्नेह जुळला. त्याला बाईंनी एक नियम घालून दिला. प्रत्येक भेटीत एक प्रश्न त्यांनी विचारायचा, एक आपण. उत्तर पुढच्या भेटीत द्यायचे, आणि ते पुस्तकातून किंवा यंत्रातून काढायचे नाही; आपल्या डोळ्यांनी पाहून आणायचे. माहिती कोठूनही मागवता येते, साक्ष मात्र स्वतःलाच द्यावी लागते, अशी बाईंची धारणा होती.

तिकडून प्रश्न आला: तुमच्या फळ्यावरचा खडू शेवटी कुठे जातो? मुले मामांच्या केरसुणीमागून मोरीपर्यंत, मोरीतून गटारापर्यंत गेली आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतली. इकडून प्रश्न गेला: तुमच्याकडे सकाळी सर्वांत आधी कोण उठतं? तिकडची मुले पहाटे पाहणी करून आली. सगळ्यांचा अंदाज पाववाल्यावर होता. पण त्याच्याही आधी, त्याला हाका मारायला, त्याची म्हातारी आई उठत होती. त्या आईसाठी इकडच्या वर्गाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुन्हा पोटेच दिसली.

मार्चच्या मध्यावर मास्तरांनी सांगितले की, मुले फार थोडी असल्यामुळे शाळा बंद होत आहे. सगळ्यांना बसने शहरातल्या मोठ्या शाळेत जावे लागेल, आणि तेही पुढच्याच महिन्यात. मग दात पडलेला एक मुलगा पुढे आला. त्या खेपेचा प्रश्न त्याचा होता. तो वाचताना त्याने मान वर केली नाही.

“तुमच्या वर्गात नवीन मूल आलं, तर मधल्या सुट्टीत ते कोणाजवळ बसतं?”

“आमच्याजवळ!” इकडून एकच गिल्ला झाला.

बाईंनी हात वर केला. “पाहून आलात?”

गिल्ला जिरला. उत्तर पुढच्या भेटीत, म्हणजे त्यांच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी, द्यायचे ठरले. हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता, हे बाईंना कळत होते. तो मुलगा काही दिवसांतच अनोळखी अंगणात डबा घेऊन उभा राहणार होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग पाहायला निघाला, आणि त्याला फार लांब जावे लागले नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक मुलगी शाळेत आली होती. वर्ष सरत आले तरी तिला सगळे ‘नवी’च म्हणत. बाईसुद्धा लाडाने तेच म्हणत. नवी पाण्याच्या नळापाशी कठड्यावर एकटी बसून डबा खात होती.

बाई शिक्षकांच्या खोलीतून पाहत होत्या. त्या खिडकीतून नळ स्वच्छ दिसत होता. उजेड पुस्तकावर पडावा म्हणून बाईंची खुर्ची वर्षभर खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती.

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितले. ताईंनी दाताने दोरा तोडला. “काखेत कळसा अन् गावाला वळसा. तिकडच्या पाववाल्याची आई किती वाजता उठते ते तुला ठाऊक.”

“बोल, बोल. आज तुझाच दिवस आहे.”

“बोलून काय होणार? जेवून घे आधी.”

वर्गात उत्तराची जुळवाजुळव सुरू झाली. एक मुलगी होती. अखंड बडबडीमुळे तिला सगळे ‘पोपट’ म्हणत. ती म्हणाली, “बाई, हे तिकडे कसं सांगायचं? तो आधीच घाबरलाय. आपण सांगूया ना, सगळे मिळून बसतात म्हणून.”

तिची भीती खोटी नव्हती. दयेपोटी बोललेले खोटेच मागे घ्यायला सर्वांत जड जाते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“खोटं कशाला सांगता? मी नळापाशी बसते,” नवी म्हणाली. “त्यालाही तेच सांगा. पहिले दिवस वाईट जातात. नळापाशी बसायचं. तहान लागली की सगळ्यांना तिथं यावंच लागतं. मग कोण चांगलं, कोण खडूस, बसल्याबसल्या कळतं.”

“आणि मी कोण?” पोपटने विचारले.

“तू पाणी पितानासुद्धा बोलतेस.”

वर्ग खो-खो हसला. त्या उत्तरात एक अक्षर बदलायचे नाही आणि ते नवीनेच द्यायचे, असे ठरले. पुढच्या सुट्टीत पोपट डबा घेऊन नळापाशी गेली.

“उत्तर सजवायला आलीस?” नवीने विचारले.

“नाही गं. झाकण अडकलंय. तुला उघडतं का बघ.”

नवीने झाकण उघडले. पोपट तिथेच बसली. बाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती, म्हणून त्यांना हे दिसले.

आता चुकीविषयी. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळे सरकवतात. इकडे ती वर्षभर एकसारखी चालतात. शरदात त्यांचे घड्याळ एक तास मागे गेले, तेव्हा बाईंनी आपली भेट एक तास उशिरा ठेवली होती, आणि ते बरोबर होते. मार्चअखेर ते घड्याळ पुन्हा पुढे गेले. म्हणजे भेट एक तास लवकर हवी होती. ज्यांनी तीस वर्षे मुलांना रेखावृत्ते आणि वेळेचे गणित शिकवले, त्या बाईंनी सवयीने ती पुन्हा एक तास उशिरा ठेवली.

पडदा उजळला तेव्हा चौतीस मुले नेहमीप्रमाणे उभी राहिली. नवी सर्वांत पुढे होती. तिकडे यंत्र चालूच होते, म्हणजे मास्तरांनी ते कोणाची तरी वाट पाहत तसेच ठेवले असावे. बाके एकावर एक उलटी रचली होती. दाराशी जिथे अकरा जोड बूट असत, तिथे ओली फरशी चमकत होती. रबरी हातमोजे घातलेली एक बाई बादली घेऊन आली. पडद्यावर तिला ओळीने पोटे दिसली असणार. ती हसली, आपल्या भाषेत काही बोलली, हात हलवला आणि तिने यंत्र बंद केले.

कोणी खाली बसेना. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, ओठ हलवत हिशेब केला आणि मग त्यांना कळले.

“चूक माझी आहे. आपण दोन तास उशिरा आलो.”

“त्यांनी वाट पाहिली असेल ना, बाई?” नवीने विचारले.

“हो.”

मामांच्या तोंडी त्या दिवशी एकही विनोद आला नाही. त्यांनी निळा पडदा बाजूला सारला, एवढेच.

बाईंनी मास्तरांना लिहिले. तो पत्ता शाळेचा होता आणि शाळेबरोबरच बंद झाला होता. मेळाव्याच्या आयोजकांनाही त्यांनी विचारले. मास्तर कोठे गेले ते त्यांनाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नवीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. वर्गाला ती सवय लागायला थोडे दिवस गेले.

आता बाई निवृत्त आहेत. अडगळीच्या त्या खोलीत नवे संगणक आले, आणि मुले हव्या त्या देशाशी हव्या त्या वेळी बोलतात. घड्याळाचे गणित यंत्रच करते. बाईंना त्याचा आनंद आहे. घरी त्या खिडकीकडे तोंड करून बसतात. “कोणाची वाट बघतेस?” असे ताई मुद्दाम विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा शिलाईयंत्र चालवू लागतात. कधी बाई मास्तरांचा तो शेवटचा तास मनात पुन्हा मांडतात: अकरा मुले बाकांवर, समोर रिकामा पडदा, आणि दात पडलेला एक मुलगा दाराकडे न बघता पडद्याकडे बघणारा. तो आता मोठा झाला असेल. तो कोणाजवळ बसला, ते इकडे कोणाला ठाऊक नाही.

त्याचा प्रश्न इकडे आला होता. उत्तर पाहून, ठरवून, तयार ठेवलेले होते. ते त्याला अजून दिलेले नाही.