चांगुणानं पाहिलेलं पाणी

टबातलं पाणी दर तीन महिन्यांनी सोडून देता येतं. किस्से मात्र साठतच जातात! आणि माझ्या सगळ्या किश्श्यांत तोंडावर पडतो तो मी, आणि शाबासकी मिळते चांगुणाला.

ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी जव्हारला बंगला बांधला आणि मागच्या ओट्यावर गरम पाण्याचा टब बसवला. मी इक्बाल, गावातला प्लंबर. खास ठाण्याला जाऊन दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलो. क्लोरीन किती, पीएच किती, फिल्टर कधी धुवायचा, सगळं पाठ! चांगुणा जवळच्या जामसर गावची, बंगल्यावर झाडलोट करायची. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "यातलं तुला कळायचं नाही."

"बरं, भाय," ती म्हणाली.

*

पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या असतात. पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. एका शनिवारी बाईंसमोर मी ऐटीत पट्टी बुडवली. "एकदम परफेक्ट, मॅडम!"

चांगुणा केर काढता काढता थांबली. हवेत नाक वर केलं. "डोळं चुरचुरतील."

दहा मिनिटांत बाई लाल डोळ्यांनी बाहेर! पावसाळी हवेत माझ्या पट्ट्या सर्दावल्या होत्या. रंगच खोटा दाखवत होत्या.

*

दिवाळीत बाईंचे पाहुणे आले आणि दुसऱ्या सकाळी टबावर हा एवढा फेस! मी पंप खोलला. अर्धा दिवस नट, वॉशर, पाईप. काही सापडेना.

चांगुणानं फेस बोटावर घेतला, हुंगला. "खोबरेल."

पाहुणे डोक्याला तेल चोपडून बसले होते! तेव्हापासून तिनं टबाशेजारी बादली, साबण आणि तांब्या ठेवला. एक पोटवाले साहेब टॉवेल गुंडाळून आले, तर ही आडवी.

"साहेब, आधी आंघोळ."

"अगं, आंघोळीलाच तर चाललोय!"

"हे आंघोळीचं नाय. हे बसायचं पानी."

साहेब मुकाट्यानं बादलीकडे वळले.

*

हळूहळू बाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, "चांगुणा काय म्हणते?" माझी जळायची! घरी बडबडलो, तर बायको म्हणाली, "तिनं ट्रेनिंग कुठं घेतलं, विचारा की. तुम्हीपण जा तिथं."

शेवटी मी बाईंकडे चुगली केली. म्हटलं, मॅडम, ती पट्टी न लावता अंदाजानं पावडर टाकते.

"हो ना," बाई कौतुकानं म्हणाल्या आणि टबाच्या औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली. ते कपाट भिंतीला मी ठोकलं होतं!

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. कपाटात दोन सारखे डबे होते. एकात क्लोरीन, दुसऱ्यात पीएच सांभाळायला खायचा सोडा. चांगुणाला वाचता येत नव्हतं. एक दिवस कपाट उघडं सापडलं आणि मी डब्यांच्या जागा बदलल्या. एकदा चुकू दे हिला, एवढंच डोक्यात होतं. बाईंची कातडी सोलून निघाली असती, ते सुचलंच नाही.

चांगुणानं झाकण उघडलं, थबकली, डबे परत जागेवर लावले आणि माझ्याकडे वळून काळजीनं म्हणाली, "भाय, डोळं तपासून घ्या. डबे चुकून ठेवलेत तुम्ही."

त्या दिवशी मी चहा न पिताच निघालो.

*

मग भाताच्या लावणीला चांगुणा महिनाभर जामसरला गेली. टब माझ्या एकट्याच्या ताब्यात! नवीन पट्ट्या आणल्या, फिल्टर धुतला, तीन वेळा तपासलं. बाई पाण्यात उतरल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"इक्बाल, आज पाण्यात काहीतरी बिघडलंय."

पुन्हा तपासलं. सगळं बरोबर! काय करणार? बाटलीत टबातलं पाणी भरलं आणि भर पावसात मोटारसायकल काढून जामसर गाठलं. चांगुणा गुडघाभर चिखलात आवणी करत होती. तिनं हात धुतले, बाटलीतलं पाणी तळव्यावर घेतलं, हुंगलं, बोटांत चोळलं.

"चांगलं हाय. याला काय झालंय?"

"बाई म्हणतात बिघडलंय."

"मग सांगा, मी बघितलं."

परत आलो. टबात चिमूटभरही काही टाकलं नाही. बाईंना म्हटलं, "चांगुणानं पाहिलं पाणी."

बाई उतरल्या. डोळे मिटून तासभर बसल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता कसं मऊ लागतंय!"