सांगलीचा साधा कॉल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी घाटाखालच्या एका एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कोयनानगरहून सांगलीला बोलायचं तर कॉल माझ्या बोर्डावरून पुढे जायचा. कोयनेची माझ्याकडे एकच लाइन, सांगलीच्या दोन. अर्जंट कॉलला पहिला नंबर; साध्या कॉलवाल्यानं बसून राहायचं.

त्या दिवशी कोयनेच्या वसाहतीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं अकरा वाजता साधा कॉल लावला होता. तिच्या मुलीचा सांगलीच्या नर्सिंग शाळेच्या प्रतीक्षा यादीतून नंबर लागला होता. पाचपर्यंत पालकानं फोनवर होकार द्यायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

साडेचारला लाइन तिला मिळणार, तेवढ्यात कोयनेचेच एक कंत्राटदार अर्जंट कॉल घेऊन घुसले. सांगलीतल्या मेहुण्याला ते भडंगात लसूण किती हवा ते समजावत होते. मी दर तीन मिनिटांनी वेळ संपल्याचं सांगायची, ते ओरडायचे, "वाढवा!" मागे एकदा त्यांचा कॉल तोडला म्हणून मला मेमो मिळाला होता.

ऑपरेटरांना आपसात बोलायला वेगळी तार असायची. तिच्यावर गिऱ्हाईक जोडता येत नसे. तिच्यावरून कोयनेची ऑपरेटर म्हणाली, "अगं, ही बाई रडायला आलीय. काय करू?"

"मुलीची जन्मतारीख विचार. वडलांचं नाव विचार."

"कशाला?"

"आई व्हायचंय मला."

सांगलीची दुसरी लाइन रिकामीच होती; तिच्यावरून मीच शाळेला फोन लावला. शाळेतला कारकून चिकट निघाला. मुलीची उंचीसुद्धा विचारली. मला दोन मुलगे. मुलगी ही अशी चार मिनिटांत झाली. पाचला दहा कमी असताना होकार नोंदला गेला.

"बाईंना सांग, काम झालं. बुकिंग रद्द कर."

थोड्या वेळानं उत्तर आलं, "ऐकत नाहीत. म्हणतात, मी बोलल्याबिगर पोरीचं काम झालं कसं?"

पाचला दोन मिनिटं असताना कंत्राटदारांचा लसूण संपला आणि बाईंचा कॉल लागला. मी कानाला हेडफोन लावून ऐकत होते.

"मी पोरीची आई बोलतीया. आमचा होकार हाय."

"आई? आई तर मघाशीच बोलल्या." कारकुनाचा आवाज चढला. "तो आवाज वेगळा होता. खोटेपणा असेल तर नाव खोडेन मी!"

माझा हात बोर्डावरच्या कॉल जोडणाऱ्या दोरीवर गेला. ओढली तर तो खोडणारच, नाही ओढली तरी खोडेल.

"मीच की व्हते. लिवलं का न्हाई, ते परत इचारतीया."

"मग आवाज कसा बदलला?"

"आवं सायेब, घाट उतरून येतोय त्यो. बदलणारच की!"

पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"लिहिलंय बाई. सोमवारी मुलीला घेऊन या."

तीन मिनिटांतली दीड अजून शिल्लक होती. बाईंनी त्यात वसतिगृहाच्या जेवणाची कसून चौकशी केली.