स्कोपला जुळणारा फोन

संध्या दराडे पक्षी आधी ऐकते, मग बघते. नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर पहाटे धुकं उतरलं की पाच हातांवरचं काही दिसत नाही. अशा वेळी पक्षी बघायला आलेले पाहुणे कंटाळून गाडीत जाऊन बसतात. संध्या मात्र काठावर उभी राहून हळूच सांगते, "डावीकडं वारकरी पक्षी हायेत, बरेच. त्यांच्या मागं दोन चक्रवाक. आता उडतील बघा." आणि थोड्या वेळानं धुक्याच्या आत कुठंतरी पंख फडफडतात.

ती चापडगावची सून. नवरा सुनील द्राक्षबागांवर फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो. नऊ वर्षांपूर्वी गावात पक्षी दाखवणाऱ्या गाइडांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा ती सहज म्हणून जाऊन बसली आणि तिथंच रमली. शाळेत न जमलेलं इंग्रजी तिला पक्ष्यांच्या नावांमुळं जमलं. पाहुण्यांना दाखवायला तिच्याजवळ तीन पायांवरची मोठी दुर्बीण असते. गाइड लोक तिला स्कोप म्हणतात. स्कोपच्या भिंगावर मोबाइलचा कॅमेरा नेमका टेकवला की तळ्याच्या पार पलीकडचा पक्षी फोटोत येतो. जाताना पाहुण्यांच्या मोबाइलवर तो फोटो गेला की ते खूश होतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

तिचा फोन होता एक जुना आयफोन. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी नवा घेतल्यावर हा तिला दिला होता. पाच वर्षं तिनं तो वापरला. अंधारातसुद्धा तिची बोटं तो भिंगावर बरोबर बसवत. पण वयापुढं कुणाचं चालत नाही. या पावसाळ्यात तो चार्जर काढला की अर्ध्या तासात मान टाकू लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, याच्यात आता पैसे घालू नका." नवा आयफोन घ्यायचा तर तिच्या सगळ्या हंगामाची कमाई त्यात गेली असती. तिच्याकडं चौदा हजार होते. म्हणजे अँड्रॉइड.

"माझ्यासारखाच घे," सुनील म्हणाला. "दोन दिवस चार्जिंग टिकतं."

तिनं मान डोलावली. पण तिच्या मनात दुसरंच होतं. जुन्या फोनमध्ये तिनं कितीक पहाटे, पाहुणे यायच्या आधी, काठावर बसून पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवले होते. दोनशेच्या वर. ते कुणाला ऐकवायचे नव्हते. दुपारी भाकरी थापताना ती एखादा लावायची. मग चुलीपुढं पाणी पसरायचं, गवत हलायचं आणि भाकरी तव्यावर जरा जास्तच भाजली जायची.

ऑक्टोबरात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ती निफाडहून बसनं नाशिकला आली. खांद्यावर स्कोपची लांब पिशवी. सीबीएस स्टँडला उतरून एम. जी. रोडवर चालत गेली. मोबाइलच्या दुकानांची ही रांग तिनं नेहमी बसमधूनच पाहिली होती. एका दुकानात वेदिका नावाची मुलगी पुढं आली. सटाण्याहून नोकरीसाठी नाशिकला आलेली, पंचविशीच्या आतली.

"बजेट किती, ताई?"

"चौदा हजार. आधी आयफोन होता."

"मग कॅमेरा चांगला हवा असणार." वेदिकानं चार कॅमेऱ्यांचा एक फोन काढला. "हा बघा. एकशे आठ मेगापिक्सेल."

संध्यानं तो उलटा करून पाहिला. चारही भिंगांवरून बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाली, "ह्यातलं खरं बघणारं कोणतं?"

वेदिकानंही वाकून भिंगं पाहिली. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. संध्यानं पिशवीची चेन उघडून स्कोप दाखवला आणि त्यावर फोन कसा टेकवायचा ते सांगितलं. "मोठे आकडे काय करू? मला ह्याच्यातून लांबचं दिसलं पाहिजे."

दुकानात गर्दी नव्हती. मालकांना विचारून वेदिकानं पाच फोन घेतले आणि दोघी इमारतीच्या गच्चीवर गेल्या.

वर ऊन कलतं होतं. पत्रे, टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, त्यांच्या पलीकडं पंचवटीतल्या देवळांची शिखरं आणि अगदी मागं चामरलेणीचा निळसर डोंगर. संध्यानं स्कोपचे पाय रोवले. एका दूरच्या टाकीवर घार बसली होती. पहिला, चार भिंगांचा फोन टेकवला. घार दिसली. संध्या ती जरा मोठी करायला गेली, तर फोननं आपण होऊन दुसरं भिंग धरलं आणि सगळं काळं झालं.

"हा आपल्याच मनाचा हाय," संध्या म्हणाली.

दुसऱ्याचं भिंग मधोमध होतं, टेकवून धरायला हात पुरेना. तिसऱ्यात रंग भडक आले, घार विटकरी दिसली. चौथा होता साडेबारा हजारांचा. कोपऱ्यात दोन भिंगं, वरचं खरं, खालचं नावापुरतं. तो तिनं टेकवला, थोडा सरकवला आणि श्वास रोखला. काळ्या कडा हळूहळू बाजूला झाल्या. पडदाभर घार उभी राहिली. वाऱ्यानं तिच्या छातीवरचं एक पीस उलटं होत होतं.

"बघ," तिनं वेदिकाला पुढं केलं.

वेदिका वाकली. तिनं हळूहळू स्कोप फिरवला. घार सुटली, शिखर आलं, मग डोंगराची कड आणि तिच्यावरचं एकटं झाड. तिनं डोळा भिंगावरून काढलाच नाही. मग घरची बोली तिच्या तोंडून निसटली, "कितलं दूर शे... आणि कितलं जवळ."

पाचवा फोन त्यांनी पाहिलाच नाही.

खाली आल्यावर वेदिकानं जुना आणि हा निवडलेला फोन केबलनं जोडले. नंबर आले, फोटो आले, मेसेज आले. आवाज आले नाहीत.

"ते असे येत नाहीत, ताई," वेदिका म्हणाली. संध्याचा चेहरा बघून तिनं पटकन जोडलं, "थांबा, वेगळे पाठवू." जुना फोन चार्जरला लावून तिनं आवाजांचे गठ्ठे करून एकेक गठ्ठा पाठवायला घेतला. तासाभरानं सगळे नव्या फोनवर उतरले. पण क्रम विसकटला होता. प्रत्येकाला जुन्या फोननं आपोआप दिलेलं नाव एकच, गावाचं, आणि पुढं आकडा. एकच्या पाठोपाठ दहा, दहाच्या पाठोपाठ शंभर. आणि तारीख सगळ्यांवर आजचीच.

"आता कोणता कधीचा, कसं कळणार?" वेदिकाला वाईट वाटलं.

"लाव कोणताही."

वेदिकानं लावला. संध्यानं डोळे मिटले. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते. "चक्रवाक," ती म्हणाली. "दोन वर्षांमागचा जानेवारी. पाणी लय कमी होतं तेव्हा."

"पाणी कमी होतं हे आवाजावरून?"

"पाण्यावरून येणारा आवाज पसरत येतो. चिखलावरून येणारा तुटक येतो. ऐक."

वेदिकानंही डोळे मिटले. तिला चिखल ऐकू आला की नाही, कोण जाणे. पण पुढचा आवाज तिनं न सांगताच लावला, मग त्याच्या पुढचा. काउंटरपाशी आलेलं एक गिऱ्हाईक दोघींकडं बघत उभं राहिलं.

परतीच्या बसमध्ये संध्याला खिडकीची जागा मिळाली. नवा फोन हातात परका वाटत होता. मागं जायचं बटण भलतीकडंच, अक्षरं वेगळी. फोनबरोबर वेदिकानं इअरफोन दिले होते. आजवर ती फोनच्या बारीक स्पीकरवरच ऐकत आली होती. आडगाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या, तेव्हा तिनं ते कानात घातले आणि एक आवाज लावला. टिबुकल्या. एकीनं बुडी मारली, ते गोल वर्तुळसुद्धा ऐकू आल्यासारखं वाटलं. आणि मग अगदी जवळ, पाण्याच्याही अलीकडं, किणकिण.

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दुसरा आवाज लावला, तिसरा लावला. पक्षी वेगळे, ऋतू वेगळे, पण ती किणकिण सगळीकडं होती. काचेची. मग तिला उमगलं, आपल्याच बांगड्या. फोन धरलेला हात जरा हलला की वाजत असणार.

इतकी वर्षं तिला वाटायचं, त्या पहाटे तळ्यावर फक्त पक्षी आणि धुकं असतं. आपण काठावरच्या, बाहेरच्या. ती खिडकीला डोकं टेकवून ऐकत राहिली. बाहेर मावळतीचं ऊन बागांच्या तारांवरून सरकत होतं.

"निफाड," कंडक्टरनं आवाज दिला. तिला ऐकू गेला नाही. शेजारच्या बाईंनी खांद्याला हात लावला, तेव्हा ती गडबडीनं पिशवी सावरत उठली.