मंदाच्या खोलीचं दार

मंदा गेल्याचा निरोप मला एका रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर मिळाला. पलीकडून तिचे थोरले भाऊ अण्णा बोलत होते. "नलूताई, मंदा गेली हो. झोपेतच. डॉक्टर म्हणाले, हार्ट." मी हातातलं काम टाकून पार्ल्याला पोचले तेव्हा त्यांचा हॉल नेहमीच्या रविवारसारखाच माणसांनी भरलेला होता. सगळे शेजारी होते, मुलं होती, कोणी जमिनीवर तर कोणी दारात बसलेलं. फक्त कोपऱ्यातला टीव्ही बंद होता आणि त्याच्यावर वहिनींच्या भरतकामाचं कापड घातलेलं होतं. रविवारी सकाळी त्या घरातला टीव्ही बंद मी पहिल्यांदाच बघितला. त्यासाठी मंदाला मरावं लागलं.

हे कडू वाटेल. वाटू दे. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण जिवंत राहिलेल्यांबद्दलही चांगलंच बोलायला हवं असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आता तिचे दिवसही झाले, लोक आपापल्या कामाला लागले, म्हणून बसून लिहितेय.

आम्ही दोघी अंधेरीच्या एका शाळेत शिकवायचो. मी भूगोल, ती चित्रकला. लग्न तिचं झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. पार्ल्याच्या त्या जुन्या इमारतीत आई, अण्णा, वहिनी आणि पुतण्या यांच्याबरोबर ती राहायची. तिच्या वाट्याला हॉलला लागून असलेली छोटी खोली आली होती. खोली कसली, एक खाट आणि खिडकी. पण तिला ती पुरे होती. तिची तक्रार एकच होती, दाराची. ते दार लागायचं नाही.

सागवानी, जड दार. त्याच्या जाडीत खाच पाडून आत बसवलेलं जुनं कुलूप होतं. बाहेरून दिसायची ती नुसती पितळी मूठ आणि किल्लीचं भोक. दार ओढलं की एक तिरका खटका आपोआप चौकटीत जाऊन बसायला हवा. तो कधीतरी आत गेला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. मग काय, दार लोटलं की हळूहळू आपलं आपण उघडायचं. आणि ते उघडलं की बरोबर समोर टीव्ही! त्यामुळे रविवारी सकाळी मालिका लागली की इमारतीतल्या अर्ध्या बायका मंदाच्या खाटेवर. थिएटरातली बाल्कनीच ती. मंदा खिडकीपाशी पाटावर. तिने अण्णांना कितीदा तरी सांगितलं असेल. "बघू गं दिवाळीला," नाहीतर, "जुन्या कुलपाचे पार्ट मिळत नाहीत आता," नाहीतर सरळ, "घरच्या घरात दार कशाला लावायचंय तुला?" मी तिला म्हणायचे, अगं, सुतार आण आणि एक कडी मारून घे. त्यावर ती म्हणायची, "कडी मारली की भांडण होणार. कुलूप काय, आधीपासूनच आहे ना? ते दुरुस्त केलं तर कोण काय बोलणार?"

इतकी वर्षं त्या घरात राहून तिला आपली माणसं कळली नव्हती, ती अशी.

एका दिवाळीच्या सुट्टीत घरची मंडळी मनोरीला सहलीला गेली. आई घरीच होत्या, दुपारी झोपलेल्या. मंदाने मला बोलावून घेतलं. दोन मास्तरणी, एक स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर पसरलेला पेपर! मूठ काढली, मुठीतून आरपार गेलेली चौकोनी सळई ओढली, दाराच्या कडेचे स्क्रू सोडवले आणि ते कुलूप खाचेतून एखाद्या दुखऱ्या दाढेसारखं हलवत हलवत बाहेर काढलं. झाकण उघडायचा अवकाश, आतली स्प्रिंग टुणकन उडाली. आम्ही खाटेखाली, पुस्तकांमागे, सगळीकडे रांगलो... आणि ती निघाली माझ्या निऱ्यांत. मंदा इतकी हसली की आई जाग्या झाल्या.

कुलपाच्या आत काय होतं म्हणता? काळंकुट्ट, चिकट, काकवीसारखं काहीतरी, त्यात मधूनमधून लाल-पिवळी झाक. आम्ही बघतच राहिलो. आई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनीच उलगडा केला. दर दसऱ्याला तोरण बांधून झालं की त्या घरातल्या प्रत्येक दाराला हळदकुंकू लावायच्या आणि कुलपात खोबरेल ओतायच्या. मालवणच्या घरी त्यांच्या सासूबाई ओतायच्या, म्हणून ह्याही. "कुलपाक पण तेल व्हया गो," त्या म्हणाल्या, "ता पण वर्षभर राबता ना!" म्हणजे स्प्रिंग मोडली नव्हती, झिजलीही नव्हती. पार्ट वगैरे काही लागणार नव्हतं. वर्षानुवर्षांच्या मायेच्या तेलात धूळ आणि कुंकू बसून तो खटका गुदमरला होता, इतकंच.

मंदाने ते सगळं रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासून स्वच्छ केलं. शाळेत मुलांच्या दप्तराची चेन अडकली की ती तिच्यावर पेन्सिलचं शिसं घासायची. इथेही तिने ब्लेडने शिसं खरवडून त्याची पूड खटक्यावर भुरभुरली. परत सगळं जागच्या जागी बसवलं. दार ओढलं. खट्! असा स्वच्छ आवाज, की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिने ते उगीचच चार-पाच वेळा उघडलं, लावलं. शेवटी दार लावून आम्ही आतच खाटेवर बसलो.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "नुसतं बसायचं."

पुढच्या रविवारी तिने दार लावून घेतलं. वहिनी ठोठावायला लागल्या. "वन्सं, उघडा की! बायकांना बसायला जागा नाही." मंदा आतून म्हणाली, मी चित्र काढतेय. मग अण्णा आले. "घर आहे हे, लॉज नाही! लोकांना काय वाटेल? आमच्यापासून काय लपवायचंय तुला?" तिने दार उघडलं. सोमवारी शाळेतून घरी गेली तर दाराच्या कडेला नुसती लांबट खाच. कुलूप काढून माळ्यावर टाकलेलं. अण्णांनी कारणही तयार ठेवलं होतं: आई चुकून आत अडकली तर?

मला हे कळलं तेव्हा मी भांडायलाच निघाले होते. तिने माझा हात धरला. "जाऊ दे गं. मला काही लपवायचं नव्हतं. मला फक्त बसायचं होतं." मला तेव्हा अण्णांपेक्षा तिचाच राग आला. अजूनही येतो. एक सुतार, एक कडी, एक मोठ्ठं भांडण... एवढंच तर करायचं होतं! पण नाही. ती पुन्हा पाटावर बसायला लागली, आणि पुढे तर आपल्या खाटेवर बसलेल्या बायकांच्या पाठी काढायला लागली. अंबाडे, वेण्या, ब्लाऊजच्या गाठी. एकाही चित्रात चेहरा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडे वळून बघतंय कोण?"

गेल्या आठवड्यात अण्णांचा पुन्हा फोन आला. पुतण्याचं लग्न ठरलंय, लवकरच उरकायचं आहे, मंदाचीच तशी इच्छा होती, म्हणून खोली रिकामी करतोय. तिचे कागद रद्दीत टाकायचे का तुम्ही नेताय? मी गेले. खोलीला नवा रंग दिला होता. आणि दाराला ते कुलूप होतं! तीच पितळी मूठ, घासून लख्ख केलेली. अण्णा कौतुकाने म्हणाले, "माळ्यावर पडलं होतं. सुतार म्हणाला, साहेब, नव्याच्या वर चालतंय. जुनं ते सोनं! नव्या जोडप्याला दार नीट लागायला नको का?" आणि त्यांनी मला दार लावून दाखवलं. खट्.

"आणि आई चुकून आत अडकल्या तर?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. "आई? आई कशाला अडकेल?"

मी कागद घ्यायला आत गेले आणि माझ्यामागे दार लावून घेतलं. खाट हलवलेली होती. पाट मात्र खिडकीपाशी तसाच होता. पाठींच्या चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी पाटावर बसले. मग टकटक झाली.

"नलूताई? दार लावून काय करताय आत?"

"काही नाही," मी म्हटलं. "बसलेय."