चाचांनी बेटावर सोडलेली दोघं

सासूबाई गेल्या आणि आम्हाला संध्याकाळी घाईने घरी यायचं कारणच उरलं नाही. त्या अंथरुणाला खिळल्यापासून बरीच वर्षं आम्ही दोघं एकदम कुठे मुक्कामाला गेलो नव्हतो. पुतणीच्या लग्नाला हे गेले तेव्हा मी घरी राहिले. माझ्या भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी गेले आणि हे राहिले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आईंसाठी भाड्याने आणलेला लोखंडी पलंग परत गेला, आणि बिबवेवाडीतला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट एकदम मोठा झाला. त्या रिकाम्या जागेत आम्ही एकमेकांना धक्का लागू नये तसे वावरायचो.

कॅम्परव्हॅनची कल्पना ह्यांची. हे खराडीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. तिथल्या कोणी तरी व्हॅन भाड्याने देणाऱ्या माणसाचा नंबर दिला होता. आत झोपायला जागा, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, बाहेरून पांढरी आणि दोन्ही अंगांना निळा पट्टा.

"आपल्याला घर सोडून राहायची सवय राहिलेली नाही," हे म्हणाले, "तेव्हा घरच बरोबर घेऊन जाऊ."

डिसेंबरात ताम्हिणी उतरून आम्ही कोकणात गेलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला लागलो. खाडी आली की गाडीसकट फेरीबोटीवर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा सुरूच्या झाडांतला रस्ता. पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. सकाळी दार सरकवलं की समोर समुद्र. हे पायरीवर बसून दाढी करायचे आणि मी आत पोहे परतायचे.

एका गावात दुपारी घरगुती खाणावळीत जेवायला थांबलो. वाढणाऱ्या बाईंनी माझ्या पानात सुरमईचा रस्सा वाढला आणि ह्यांच्यासाठी वेगळी वाटी आणली.

"ह्यांचं बिनतिखटाचं केलंय. मागल्या वर्षी सांगितलेलं ना तुम्ही, पोटाला चालत नाही म्हणून."

ह्यांना अल्सरचा त्रास आहे हे खरं. पण मागच्या वर्षी आम्ही त्या गावात नव्हतो. मी तसं म्हटल्यावर बाई हसल्या, जणू मी थट्टा करतेय. "बरं, नव्हतात तर नव्हतात," म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या.

"चला, ओळख नसताना पथ्याचं मिळालं," हे म्हणाले. आम्ही विषय सोडून दिला.

दोन मुक्कामांनंतर आम्ही समुद्रातला एक किल्ला बघायला होडीने गेलो. सुट्टीची गर्दी होती. तटाखाली कोकम सरबत विकणाऱ्या माणसाने मला ग्लास देताना विचारलं, "काय ताई, आज गाणार नाही?"

"मी?"

"मागल्या थंडीत त्या बुरुजावर बसून म्हटलेलं की! लोकांनी टाळ्या वाजवलेल्या. साहेब तर किती हसत होते."

मी लग्नाआधी गायचे. लग्नानंतरही महिला मंडळात गायचे. आईंचं दुखणं वाढलं तसं ते आपोआप बंद पडलं, आणि आता आमच्या सोसायटीत कोणाला ते माहीतसुद्धा नाही. परतीच्या होडीत मी बुरुजाकडे बघत होते. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला त्या बाईचा हेवा वाटत होता. ती कोणी का असेना, गेल्या थंडीत मी आईंची कूस बदलत होते तेव्हा ती इथे नवऱ्याला हसवत होती.

त्या दिवशी सूर्य बुडताना आम्ही व्हॅनच्या पायरीवर बसलो होतो.

"तुला एक सांगायचं राहिलं होतं," हे म्हणाले. "गेल्या थंडीत तू सकाळी दूध आणायला जायचीस ना, तेव्हा आई मला विचारायची, समुद्रावरून कधी आलात?"

"आईंना तेव्हा काही समजत नव्हतं, अहो."

"मीही तेच धरून चाललो. पहिल्यांदा म्हटलं, आई, आम्ही कुठेच गेलो नाही. तर रडायला लागली. म्हणाली, खोटं कशाला बोलतोस, तुमच्या अंगाला खारा वास येतोय. मग मी रोज म्हणायला लागलो, आत्ताच आलो."

मी त्यांचा हात धरला. परत फिरावं असं दोघांच्याही मनात होतं, तरी सकाळी गाडी दक्षिणेलाच काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका लहान मच्छीमार गावात पोचलो. समोर समुद्रात एक बेट दिसत होतं. थोडे माड, एक गोड्या पाण्याची विहीर, वस्ती नाही, असं गावातल्या चहावाल्याने सांगितलं. तिथे नेणारी एकच होडी होती, एका वयस्कर मुसलमान नाखव्याची. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा वाळूत बसून जाळं सांधत होते. आमची सावली पडली तसे त्यांनी वर पाहिलं, आणि हातातली सुई तशीच खाली पडली.

"या अल्ला," ते म्हणाले. "कुठे गेलेलात तुम्ही दोघं?"

ते उठले, ह्यांच्या दंडाला हात लावून बघितला, आणि मग एकदम रागावले.

"मागल्या थंडीत मी तुम्हाला सकाळी बेटावर सोडलेलं. चार वाजता न्यायला येतो म्हटलेलं. आलो तर कोणी नाही! विहिरीजवळ तुमच्या चपला, दोघांच्या. सगळं बेट पालथं घातलं मी. परत येऊन बघतो तर तुमची गाडी पण नाही. हीच गाडी, निळ्या पट्ट्याची. लोक म्हणाले, दुसऱ्या होडीने गेले असतील, शहरातली माणसं. पण त्या दिवशी दुसरी होडी पाण्यात उतरलीच नव्हती. वर्षभर मला नीट झोप नाही, साहेब."

"चाचा, ते आम्ही नव्हतो," मी म्हटलं. "आम्ही पुण्यात होतो. घरात आजारी माणूस होतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. विश्वास बसला असं वाटलं नाही.

"त्या चपला कुठे आहेत?" ह्यांनी विचारलं.

"समुद्रात सोडल्या. घरात ठेववेनात."

तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण हे म्हणाले, "मला ते बेट बघायचंय," आणि त्यांचा आवाज असा होता की मी नाही म्हणू शकले नाही. चाचा तयार झाले, पण एका अटीवर. ते आम्हाला सोडून परतणार नव्हते, सगळा वेळ आमच्याबरोबर राहणार होते.

भर दुपारी आम्ही उतरलो. बेटावर वारा होता, पण पक्षी नव्हते. चाचा पुढे, मधे मी, मागे हे. केवड्याच्या रानाजवळ चाचा उजवीकडे वळले, तर मागून हे म्हणाले, "इकडून जवळ पडेल. पायऱ्या आहेत." चाचा थांबले. डावीकडे खडकात खरंच चार-दोन झिजलेल्या पायऱ्या होत्या. मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला कसं माहीत, ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

विहिरीपाशी माडाच्या सावलीत तीन दगडांची चूल होती. तिच्याजवळ नारळाच्या दोन करवंट्या ठेवलेल्या होत्या. मी वाकून राखेवर हात धरला. ऊब लागली. करवंट्यांत चहा प्यायलेला होता. एक पूर्ण रिकामी होती आणि दुसरीत तळाशी घोटभर चहा तसाच होता. हे चहा कधीच संपवत नाहीत, शेवटचा घोट ठेवतात. त्यावरून आमचं लग्न झाल्यापासून भांडण आहे. मी करवंटीला बोट लावलं. ती कोमट होती.

"मासेमारीवाले कोणी येऊन गेले असतील," चाचा म्हणाले. पण सकाळपासून ते स्वतःच किनाऱ्यावर बसून होते, आणि आम्ही तिघंही ते जाणून होतो.

तेवढ्यात केवड्याच्या पलीकडे कोणी तरी हसलं. बाई होती. मोकळं, पोटभर हसणं. हे त्या दिशेने पाऊल टाकायला लागले. मी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट पकडला. चाचांनी दुसऱ्या बाजूने त्यांचं मनगट धरलं आणि आम्ही त्यांना अक्षरशः ओढत होडीपर्यंत आणलं. ते विरोध करत नव्हते, पण पायही उचलत नव्हते. होडी सुटल्यावर त्यांनी ओंजळीने समुद्राचं पाणी तोंडावर मारलं आणि मला विचारलं, "तू का हसलीस?"

"मी नाही हसले, अहो."

"आवाज तुझाच होता," ते म्हणाले. "बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता."

किनाऱ्यावर व्हॅन जागेवर होती. चाचांनी ह्यांचा नंबर घेतला, आम्हाला गाडीत बसवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. आम्ही पुढचे सगळे मुक्काम सोडले. घाट चढून स्वारगेटच्या गर्दीत अडकलो तेव्हा मला कधी नव्हे ते त्या हॉर्नच्या कलकलाटात बरं वाटलं.

व्हॅन परत करताना ह्यांनी मालकाला सहज विचारल्यासारखं विचारलं, गेल्या थंडीत ही कोकणात कोणी नेली होती का.

"गेल्या थंडीत?" तो म्हणाला. "तेव्हा ही व्हॅन नव्हतीच. मालवाहू टेम्पो होता, गॅरेजला पडलेला. बिछाने, पट्टा, सगळं उन्हाळ्यात केलंय."

मी आता पुन्हा गायला लागले आहे. ह्यांनीच हट्ट धरला. त्या बाईसारखं पोटभर हसायला मात्र मला अजून जमलेलं नाही.

चाचांचा अधूनमधून फोन येतो. ख्यालीखुशाली ते विचारत नाहीत. आधी ह्यांच्याशी बोलतात, मग म्हणतात, बाईंना द्या. मी "हॅलो चाचा" म्हटलं की ते क्षणभर ऐकत राहतात, आणि विचारतात, "दोघं घरीच आहात ना?"

"घरीच आहोत," मी सांगते.

"बरं," ते म्हणतात आणि फोन ठेवतात. ह्यांनी एकदा त्यांना उलट विचारलं, की तुम्ही हे नेमकं आजच का विचारलंत. "बेटावर धूर दिसतोय," चाचा म्हणाले आणि फोन ठेवला.