हे तेल आपलं नाही

१४ डिसेंबर. तेलाचा तवंग शोषायला तळ्याच्या कडेने टाकलेला पेंढा बदलायचं काम काढलं होतं. जुना पेंढा तेल पिऊन काळा आणि जड झाला की ओढून बाहेर काढायचा, खड्ड्यात टाकायचा आणि नवे भारे पाण्यावर पसरायचे. गुडघाभर पाण्यात हे काम करताना कोणाला तरी शिव्या दिल्याशिवाय हात चालत नाहीत. मी ज्याला देते तो त्या दिवशी स्वतःच बांधावरून चालत आला, म्हणून हे लिहायला बसले.

त्याला तुम्हीही ओळखता. नावाने नसेल, पण प्रत्येक कंपनीच्या गेटाबाहेर असा एक माणूस पाळलेला असतो. लोक ओरडत आले की त्याला पुढे करतात. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन, आणि भेटेल त्याच्या खांद्यावर हात. तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणायचो. घरात काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तक्रार गेली की तो यायचा. पॅन्ट दोनदा दुमडायचा, उकिडवा बसायचा, करंगळी तवंगात बुडवायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा, अगदी अत्तरवाल्यासारखा. मग करंगळी आमच्याच पेंढ्याला पुसून म्हणायचा, "छे, छे. हे आपलं नाही."

या 'आपलं'चा मला पहिल्यापासून राग. कंपनीचं नाही म्हणायचं असेल तर 'आमचं नाही' म्हण. 'आपलं' म्हणजे तुझं आणि माझं मिळून. मी कधी म्हटलं होतं की माझं आहे?

"साहेब, आपलं नाही ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे तेल असतं तर मी लाकडं फोडत बसले असते का? तुमचं आहे की नाही, तेवढं सांगा."

"ताई, तुमचं-आमचं काय लावलंय? आपण काय परके हाव का?"

परका तो नव्हताच, हीच तर खरी चीड. खाडीच्या जेट्टीपासून कारखान्याच्या बॉयलरपर्यंत तेल नेणारा पाइप आमच्या शेतांखालून गेला, तेव्हा त्याच्या बापाची जमीन टाक्यांखाली गेली होती. बदल्यात याला नोकरी मिळाली, ती त्याच पाइपवर हेल्पर म्हणून. वर्षानुवर्षं तो त्या तेलात हात घालून घरी जेवायला गेला. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण पाइप खणून काढायला खर्च येतो म्हणून तो होता तिथेच राहिला, पोटात उरलेल्या तेलासकट. जागा दुसऱ्या कंपनीने घेतली आणि तिने हेल्परचा साहेब केला. म्हणजे आमच्या तळ्यावर कसलं तेल आलंय हे ज्याला झोपेतही सांगता आलं असतं, तोच रोज डोळे मिटून नाही म्हणायला ठेवलेला.

पाइपच्या वाटेवर, आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यात, एक गोल विटांचा खड्डा होता. आत व्हॉल्व्ह, वर लोखंडी झाकण. गाव त्याला तेलाची विहीर म्हणायचं. गोल आहे, खोल आहे, म्हणजे विहीर. तेल तिथूनच पाझरायचं. आम्ही पंचायतीत अर्ज दिला, त्यातही भोळेपणाने लिहिलं की विहीर गळतेय. आठवड्याने पंचायतीचा शिपाई सायकलवर पिशवी अडकवून आला आणि त्याने झाकण सरकवून आत टीसीएल पावडर ओतली. पिण्याच्या विहिरीत टाकतात ती. काळ्या तेलावर पांढरी साय धरली. शिपाई म्हणाला, "चोवीस तास पाणी काढू नका."

आम्ही हसावं की रडावं या विचारात, तोवर साहेब आला. त्याला हे कळल्यावर तो बांधावर बसून पोट धरून हसला. आणि हसता हसताच त्याने आमचा शब्द उचलून खिशात घातला.

"विहीर हाय ना ती, ताई? तुम्हीच लिहून दिलंय. मग विहीर कोनाची असते? शेतमालकाची. कंपनीचा काय संबंध?"

तिथेच उभं राहून त्याने फोन लावला. "हां सर, पब्लिक थोडा नाराज है. मैं सँभाल लेता हूं. अपना कुछ नहीं है इधर." हिंदीतही 'अपना'च.

आता जिताड्याचं सांगते. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात भातशेतीला लागून घरचं तळं असतं आणि तळ्यात जिताडा वाढवतात. हा मासा बाजारात कमी आणि साहेबांच्या घरी जास्त जातो. कागद अडला, मोजणी अडली, की पिशवीत घालून पोचवायचा. आमच्या सासऱ्यांनी उभा जन्म पोचवला. साहेबालाही जायचा. आणि त्याचा कोडगेपणा पाहा, तळ्यात तेल नाही असं सगळ्यांसमोर सांगून झालं की निघताना तो जवळ येऊन हळूच म्हणायचा, "खालच्या कोपऱ्यातला नको हां ताई. वरच्या अंगाचा धरा."

शेती मी आणि माझी जाऊ मिळून करतो. माझे मालक न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर आहेत, सुट्टीला येतात, तवंग बघून हळहळतात आणि जातात. हळहळून तेल थांबत नाही. गेल्या वर्षी तेल भाताच्या खालच्या खाचरात शिरलं, तिथलं पीक पिवळं पडून बसलं. तळं तर गेल्यातच जमा होतं. वरची जमीन तेवढी राहिली होती, आणि तीही गेली तर आम्ही दोघी काय करणार हे कोणीच सांगत नव्हतं. मी तहसीलला फेऱ्या मारून मारून शेवटी पंचनाम्याची तारीख आणली.

पंचनाम्याला मंडळ अधिकारी बाई आल्या. कंपनीकडून साहेब. त्याने करंगळी बुडवली, वास घेतला, "हे आपलं नाही" म्हणाला. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. तेलाला वास आहे, पण कोणाचा ते त्यांना कसं कळणार? दुपार झाली होती. पंचनाम्याला आलेल्यांना जेवायला घालायची आमच्याकडे रीत आहे, आणि साहेब ती रीत कधी चुकवत नसे.

सकाळीच मी पागाचं जाळं टाकून जिताडा धरला होता. खालच्या कोपऱ्यातला. दिसायला चांदीसारखा लखलखीत. तव्यावर टाकला आणि जाऊ नाकाला पदर लावून दारात आली.

"वयनी, ह्यो खावाचा हाय?"

"आपल्याला नाही."

"आनि बाईंना?"

"बाईंचा गुरुवार आहे. त्यांना वालाचं बिरडं वाढ."

मी खिडकी उघडली, मसाला दुप्पट केला आणि ताट वाढलं. साहेबाने बसल्या बसल्या डोक्याचा तुकडा उचलला. घास तोंडात गेला, दोनदा चावला, आणि थांबला. जीभ मेंदूपेक्षा चलाख असते, हे मी तेव्हा पाहिलं.

"अरे तिच्या! ह्याला आमच्या लाईनचा वास मारतोय!"

आमच्या. इतकी वर्षं आपलं, आपलं करणाऱ्याच्या तोंडून शेवटी खरा शब्द निघाला, तो तोंडात माझा मासा असताना.

बाईंचा हात बिरड्यात थांबला. "कुठल्या लाईनचा म्हणालात?"

"म्हणजे... तसला काहीतरी. डिझेलसारखा."

"आपल्या लाईनचा नाही ना पण, साहेब?" मी आणखी भात वाढत विचारलं.

बाईंचा उजवा हात खरकटा होता. त्यांनी डाव्या हाताने पर्समधून पेन काढलं आणि माझ्या जावेला म्हणाल्या, "जरा तो कागद धरा." साहेब ताटाकडे बघत बसला. घास अजून तोंडात होता. थुंकायला उठला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने तो गिळला. त्याच्या बाजूने लिहिण्यासारखी एवढीच एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि तीही भीतीने केलेली असेल.

पुढे कंपनीने माणसं पाठवली, विहिरीत सिमेंट ओतलं, फोटो काढले. साहेबाला काढलं. त्याच्या जागी मुंबईचा एक आला आहे. तो बुटाला चिखल लागेल म्हणून गाडीतून उतरत नाही आणि काच खाली करून "नोटेड, मॅडम" म्हणतो. जुना निदान करंगळी तरी काळी करायचा.

दिवाळीनंतर तळ्यावर पुन्हा तवंग आला. या वेळी वरच्या अंगाने. म्हणजे पाइपला वरच्या बाजूला आणखी कुठेतरी व्हॉल्व्ह आहे आणि तो आमच्या जमिनीत बुजलेला आहे. कंपनी म्हणते नकाशा सापडत नाही. तहसील म्हणतं जागा दाखवा, उघड्या जागेचा पंचनामा होतो, झाकलेल्याचा होत नाही. जागा माहीत असलेला माणूस एकच. मी त्याला फोन केला होता. त्याने उचलला नाही. माझ्या हातचं जेवल्यावर कोण उचलेल?

आणि त्या दिवशी तो आला. पांढरा शर्ट होता, पण इस्त्री नव्हती. फोन एकच.

"काय ताई, चालूच हाय का?"

"तुम्ही बंद केलं नाहीत, मग चालूच राहणार."

"मी काय बंद करनार? मी आता दिघीला जेट्टीवर असतो. फेरीबोटीत गाड्या चढवतो. पुढे घ्या, मागे घ्या, बास."

"इथे तरी दुसरं काय करत होतात?"

तो हसला. त्याच्यावर बोललेलं त्याला कधी लागायचं नाही, हा त्याच्या धंद्याचा भाग होता.

"दुसरी कुठे आहे?" मी विचारलं.

"दुसरी काय?"

"विहीर. शेतमालकाची."

त्याने आधी खाडीच्या बांधातल्या उघाडीच्या दाराकडे बघितलं, मग कारखान्याच्या धुराड्याकडे, आणि दोन्हींच्या मध्ये नजरेने पाइपची दोरी धरल्यासारखा चालायला लागला. बांध चढला. वर मी पांढरा कांदा लावला होता, रोपं नुकतीच मूळ धरत होती. वाफ्याच्या कडेला त्याने चपला काढल्या, अनवाणी आत शिरला, रोपं चुकवत मध्यापर्यंत गेला आणि टाच मारली.

"हितं."

"साहेब, हा कांदा आठवड्यापूर्वी लावलाय."

"म्हनून तर फोन उचलत नव्हतो. दरसाल हितंच लावता ना कांदा."

त्याचा चेहरा मी नीट पाहिला. खोटं बोलताना असायचा तसाच होता. खरं बोलताना कसा असतो हे पाहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती, त्यामुळे ताडून कशाशी बघणार?

"माशाचा राग काढताय का?"

"जिताडा बरा झाला होता, ताई," तो चपला पायात घालत म्हणाला. "मसाला थोडा जास्त होता."

चहा विचारला. बस आहे म्हणाला. बांधावरून गेला, नाक्यापर्यंत एकदाही वळून बघितलं नाही. पाठीमागून तो मला पहिल्यांदाच इतका बारीक दिसला. वाईट मात्र वाटलं नाही. तेलाने जळलेलं खाचर माझ्या समोरच होतं.

संध्याकाळी जाऊ भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तो लबाड हाय, वयनी. कांदा उपटाचा आनि खाली निस्ती माती निघाली तं?"

"तर माती निघेल."

"आनि कांदा?"

हा माणूस आम्हाला सगळी वर्षं फसवत आला. त्याच्या एका टाचेवर वर्षाचं पीक उपटायचं म्हणजे त्याने आणखी एकदा फसवावं म्हणून आपणच वाकून उभं राहायचं. पण तो खरं बोलला असेल आणि मी कांद्याकडे बघत बसले, तर उन्हाळ्यापर्यंत तेल त्या मातीत वर चढेल. मग कांदाही नाही आणि भातही नाही. दिघीहून दोन बस बदलून तो आला होता, एवढं एक खरं होतं. नुसतं खोटं बोलायला फोन पुरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाट भिजवून वाफ्यात बसले आणि रोपं मुळांसकट काढून त्यात गुंडाळायला लागले, परसात पुन्हा लावता येतील अशी. मधला वाफा रिकामा झाला तेव्हा जाऊ बांधावर आली. तिच्या एका हातात कुदळ होती, दुसऱ्या हातात पहार. तोंड वाकडं होतं, पण दोन्ही आणलं होतं. मी पहार घेतली, त्याने दाखवलेल्या जागी उभी धरली आणि मारली. ती मऊ मातीत गेली, झाकणाच्या लोखंडाला लागली नाही. मी उपसून काढली, वीतभर पुढे सरकवली आणि पुन्हा मारली.