ओला चुना

हुसेनचाचांच्या दारी कोणीही आलं तरी आधी पाणी, मग नाव. पत्ता चुकून आलेला टपालवालाही चहा घेतल्याशिवाय सुटत नसे.

चाचा नांदुऱ्यात बांगड्या विकत. मी शाळामास्तर, त्यांच्या समोर राहणारा. घराचा विमा त्यांनी उतरवला तोही याच स्वभावापायी. एजंट भर उन्हात दोनदा आला होता. "दोनदा पायी आलेल्या मानसाले रिकामा कसा धाडू, मास्तर?"

मग एका पावसाळ्यात नदी गल्लीत शिरली. चाचांच्या घरात छातीपर्यंत पाणी चढलं. मागच्या खोलीची मातीची भिंत तडकून फुगली. ती नव्याने बांधली नाही तर पुढच्या पावसात खोली बसणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. विमा मिळाल्याशिवाय ते होण्यातलं नव्हतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. कंपनीची कचेरीही नागपूरला. इंग्रजी अर्ज मी लिहीत होतो आणि दर अर्जाला उत्तर म्हणून नवा फॉर्म येत होता. अखेर साहेबाच्या पाहणीचा दिवस ठरला. मी चाचांना बजावलं, "साहेब पाहून जाईपर्यंत काही हलवू नका. चिखलसुद्धा राहू द्या."

"हाव," चाचा म्हणाले. मी तीनदा सांगितलं. तीनदा "हाव".

मधले चार दिवस मी बहिणीकडे अमडापूरला गेलो. पाहणीच्या सकाळी परतलो, तर घर लख्ख. तडे लिंपलेले, भिंतींना चुना, जमीन नवी, कुजक्या गाद्या नदीत सोडलेल्या. शेजाऱ्यांकडून आणलेल्या खाटेवर सतरंजी.

"चाचा, हे काय केलंत?"

"काऊन चिडता, मास्तर? नागपूरचा मानूस येऊन राह्यला. त्याले चिखलात बसवू का?"

"तो चिखलच पाहायला येतो आहे."

"पाहुना घराची खोड पाहाले येते का कधी? तुमी शिकेल मानसं, येवढं समजत नाही."

साहेब आले. पाणी झालं, शेवया झाल्या. साहेबांनी भिंतीला हात लावला, तसा त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीला चुना लागला. मी घाईने म्हणालो, "साहेब, चुना ओला आहे. आत तडा आहे." चाचा मला बाजूला सारून रुमालाने बाही पुसू लागले.

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "काय मियाँ, घर ठीक आहे ना?"

"तुमची मेहरबानी, साहेब. सब ठीक हाय."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं.

महिन्याने पत्र आलं: घर सुस्थितीत व नीटनेटके आढळले, सबब दावा नामंजूर. दात-ओठ खात मी ते वाचलं. चाचा म्हणाले, "नीटनेटकं लिवलं? चाचीले वाचून दाखवा. तिनंच लिंपलं."

त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज ओट्यावरून मला पाणी विचारत.

पुढच्या पावसात मागची खोली बसली. नवरा-बायको पुढच्या एका खोलीत आले. तिथेही आधी पाणी, मग नाव.

यंदा चाचा तापाने गेले. मी चाचींना भेटायला गेलो तेव्हा ती उरलेली खोली पांढरीशुभ्र होती. चाची पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "परवाच म्हने, लोकं येतीन, चुना मारून घे." मग त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. भिंतीला टेकून मी तो रिकामा केला. मरणाच्या दारातही या माणसाला पाहुण्यांची पडली होती. मला रागच आला.

घरी आलो, तर कोटाची पाठ पांढरी झाली होती. बायको झटकायला लागली.

"असू दे," मी म्हणालो. "ओला आहे अजून."